बंद खोली आणि मोबाइलची रेंज

प्रश्न : आमच्या संस्थेच्या परीक्षागृहात मोबाइल चालू नयेत, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी चारही भिंतींत बारीक लोखंडी जाळी बसवून घेतली. तरीही आत फोन लागतात. जाळी कमी पडली, की ही कल्पनाच चुकीची आहे?

उत्तर : कल्पना चुकीची नाही. मायकेल फॅरडे यांनी 1836 मध्ये 12 फूट लांबी-रुंदी-उंचीची खोलीवजा चौकट धातूने मढवली, तिला बाहेरून विजेचा जबरदस्त भार दिला आणि ते स्वतः उपकरणे घेऊन आत बसले. आतल्या उपकरणांना त्या भाराचा पत्ताही लागला नाही. रेडिओ लहरी धातूवर आदळल्या की त्यातले इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि त्यांच्या हालचालीतून निर्माण होणारे क्षेत्र मूळ लहरीला आतल्या बाजूस निष्प्रभ करते. मात्र फॅरडे यांची खोली सर्व बाजूंनी मढवलेली होती, तर आपण फक्त भिंती मढवल्या आहेत. छत, जमीन, खिडक्या आणि दार मोकळे असेल, तर लहरींना भिंतीतून येण्याची गरजच उरत नाही.

जाळीबद्दल म्हणाल, तर छिद्र तरंगलांबीच्या (लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराच्या) दहाव्या हिश्शाहून लहान असले की काम झाले, असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो आणि त्यानेच पुष्कळांची फसगत होते. मोबाइलच्या लहरी साधारण 700 मेगाहर्ट्झपासून 3.5 गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सुमारे 43 सेंटिमीटरपासून साडेआठ सेंटिमीटर लांबीच्या असतात. 5जीच्या काही पट्ट्यांत तर त्या एक सेंटिमीटरच्या आसपास येतात. साडेआठ सेंटिमीटरच्या लहरीला साडेआठ मिलिमीटर छिद्रांची जाळी आडवी घातली, तर तिची शक्ती जेमतेम पंचविसाव्या हिश्शावर येते. एक मिलिमीटर छिद्रांची जाळी ती सुमारे हजार ते दोन हजार पटींनी कमी करते. ऐकायला हे भरपूर वाटते, पण फोनला ते पुरेसे नाही. रेंज चांगली असते तेथे फोनला साधारण उणे 70 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक, आकडा जितका अधिक उणे तितका सिग्नल क्षीण) इतका सिग्नल मिळतो आणि संपर्क तुटतो तो उणे 120च्या आसपास. हा फरक 50 डेसिबलचा आहे आणि दर 10 डेसिबलला ताकद दहा पटींनी बदलते, म्हणजे सिग्नल एक लाख पटींनी क्षीण व्हावा लागतो. टॉवर जवळ असेल, तर त्याहूनही अधिक.

इतकी घट साधायला जाड पत्राच हवा, असे मात्र नाही. 900 मेगाहर्ट्झची लहर ॲल्युमिनियममध्ये तीन मायक्रॉनही (मिलिमीटरचे तीन हजारांश) खोल जात नाही तोच क्षीण होऊ लागते, त्यामुळे घरगुती फॉइलची जाडीसुद्धा पुरते. अपयश येते ते सांध्यांमध्ये. दोन पत्रे एकमेकांवर नुसते टेकलेले असतील, मध्ये रंग किंवा गंज असेल, तर विजेच्या दृष्टीने ते जोडलेले नसतात. अशी लांबट फट कितीही अरुंद असली, तरी तिची लांबी लहरीच्या निम्म्याइतकी झाली की ती स्वतःच अँटेनासारखी वागू लागते. 900 मेगाहर्ट्झसाठी ही लांबी अवघी साडेसोळा सेंटिमीटर आहे आणि दाराच्या उभ्या कडेची फट त्याच्या कितीतरी पट लांब असते. म्हणून एमआरआयच्या खोलीला तांब्याचे अस्तर असतेच, शिवाय दाराच्या चौकटीभोवती लवचीक धातूच्या पट्ट्यांची ओळ बसवलेली असते. दार लावले की प्रत्येक पट्टी चौकटीवर दाबली जाते. तेथे हेतू उलट आहे, शरीरातून येणाऱ्या अत्यंत क्षीण सिग्नलमध्ये बाहेरच्या लहरींनी लुडबुड करू नये हा. पण तंत्र तेच. विजेच्या आणि इंटरनेटच्या तारा फिल्टरविना आत आल्या, तर त्याही बाहेरचा सिग्नल आत आणून सोडतात.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उत्तम खोलीसुद्धा फक्त आत आणि बाहेर यांचा संबंध तोडते. आतल्या आत दोन फोन ब्लूटूथने एकमेकांशी खुशाल बोलू शकतात आणि फोनमध्ये आधीच साठवून आणलेला मजकूरही उघडतो. त्यामुळे एवढा खर्च करण्यापेक्षा फोन दाराबाहेर जमा करून घेणे मला अधिक खात्रीचे वाटते.

प्रश्न : बंद मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये फोन ठेवून बाहेरून लावला, तर तो वाजला. ओव्हनमधून घातक लहरी बाहेर पडत असतील का?

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. ओव्हनच्या दाराच्या कडेला असलेली खाचेची रचना त्याच्या स्वतःच्या, म्हणजे 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी अडवण्यासाठी बेतलेली असते. वेगळ्या वारंवारतेवर ती तितकी परिणामकारक नसते. शिवाय ओव्हनची सुरक्षितता मिलीवॅटमध्ये मोजतात, तर फोन मिलीवॅटच्या अब्जाव्या हिश्शाइतक्या सिग्नलवरही सहज चालतो. दार वाकलेले असेल किंवा नीट लागत नसेल, तर मात्र ओव्हन तपासून घ्यावा. आणि फोन आत असताना ओव्हन चुकूनही सुरू करू नये.

प्रश्न : सभागृहासाठी जॅमर घेणे सोपे नाही का?

उत्तर : बसवायला सोपे असेल, पण मी त्याच्या विरोधात आहे. जॅमर लहरी अडवत नाही. तो त्याच पट्ट्यांत गोंगाट प्रसारित करतो, टॉवरचा मूळ सिग्नल त्यात बुडून जातो आणि हा गोंगाट भिंतीशी थांबत नाही. शेजारच्या इमारतीतल्या माणसाला रुग्णवाहिका बोलावता आली नाही, तर त्याला कारण काय हेही कळणार नाही. म्हणूनच बहुतेक देशांत खासगी वापरासाठी जॅमरवर बंदी आहे. अमेरिकेत ती 1934च्या दळणवळण कायद्याखाली येते, तर ब्रिटनमध्ये 2006च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली.

धातूने मढवलेली खोली शेजाऱ्यांना त्रास देत नाही, पण आतल्यांचा आणीबाणीचा फोन तीही अडवते, आणि फोन सतत सिग्नल शोधत राहत असल्याने त्यांची बॅटरीही लवकर उतरते. अशी खोली करायचीच असेल, तर आत तारेने जोडलेला एक दूरध्वनी आणि बाहेरची धोक्याची घंटा ऐकू येण्याची सोय आराखड्यातच धरावी. काम हाती घेण्यापूर्वी आणि झाल्यावर त्याच जागी, त्याच फोनवर सिग्नलचा डीबीएममधील आकडा नोंदवावा. दाराच्या कडेने फोन सावकाश फिरवताना हा आकडा उणे 110वरून एकदम उणे 90वर आला, तर सांधा नेमका तेथेच उघडा राहिला आहे.