कॅथलिक चर्चमध्ये गर्भपात कुठल्याच परिस्थितीत चालत नाही का? आईच्या जिवाला धोका असला तरी?

तुम्ही लिहिलंय की बायको कॅथलिक, तुम्ही हिंदू, राहायला ऐरोलीला, आणि सासरे "काहीही झालं तरी नाही म्हणजे नाही" यावर अडून बसलेत. नक्की काय झालंय ते लिहिलेलं नाही. मीही विचारत नाही.

मुद्दाम, थेट केलेला गर्भपात कॅथलिक शिकवणुकीत गंभीर पाप आहे. बलात्कारातून राहिलेला असला तरी, बाळात व्यंग असलं तरी. एवढं सासऱ्यांचं बरोबर आहे. पण आईला वाचवण्यासाठी दुसराच उपचार चाललाय आणि त्यात बाळ वाचू शकलं नाही, तर त्याला ते पाप धरत नाहीत. गर्भाशयाच्या कॅन्सरमुळे गर्भासकट पिशवी काढावी लागली तर चर्चची हरकत नसते. ही दुसरी बाजू बहुतेकांना ठाऊकच नसते. आमच्या घरात मात्र ती एकाला जरा जास्तच ठाऊक होती.

मी नगरकडची, प्रॉटेस्टंट. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले, आता ठाण्यात चरईत असतो. नर्स आहे, अर्धं आयुष्य लेबर रूममध्ये गेलं. माझी नणंद तेव्हा कोपरखैरण्याला राहायची. (तिला विचारूनच लिहितेय. "लिही, पण नाव नको," म्हणाली.) दिवस राहिले म्हणून सगळे खुशीत, आणि सातव्या आठवड्यात तिचा फोन, वहिनी, एका बाजूला दुखतंय आणि थोडं अंगावरून जातंय. मी म्हटलं, रिक्षा कर आणि आत्ताच्या आत्ता सोनोग्राफीला जा. गर्भ पिशवीत नाही, गर्भनलिकेत, म्हणजे ट्यूबमध्ये.

ट्यूबमधला गर्भ वाढून बाळ होत नाही, कधीच नाही. ट्यूब फुटली तर पोटात रक्त साचून बाई तासाभरात जाऊ शकते. नणंदेची फुटलेली नव्हती, गाठ लहान होती, ठोके दिसत नव्हते, रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन, बीटा एचसीजी, तेही कमी होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन बघू, चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासू, ट्यूब वाचेल. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आमचे जावई, म्हणजे नणंदेचा नवरा, फोन कानाला लावून कॉरिडॉरच्या टोकाला गेले. त्यांच्या प्रार्थना ग्रुपमधले कुणी जाणकार होते. परत आले ते निर्णय घेऊनच. इंजेक्शन नको, कारण औषध थेट बाळावर जातं, म्हणजे आपण मारलं. ट्यूबच काढा, कारण तेव्हा आपण खराब झालेला अवयव काढतो आणि बाळाचं जाणं हा नाइलाज. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "सिस्टर, गर्भ दोन्हीकडे जाणारच आहे, इथे ट्यूबही जाईल, हे यांना कळतंय ना?" कळत होतं, चांगलंच कळत होतं. नणंद आत स्ट्रेचरवर होती, तिला कुणी विचारायला गेलं नाही. कागद पुढे आला तेव्हा तिने सही केली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, उजवी ट्यूब गेली.

हे त्यांनी मनाचं काढलेलं नव्हतं, हे मला नंतर ठाण्याच्याच एका फादरांनी समजावलं. १९०२ साली रोमने, म्हणजे पोपच्या कार्यालयाने, ट्यूबमधला अपुऱ्या दिवसांचा गर्भ काढायलाच परवानगी नाकारली होती. म्हणजे बाईने ट्यूब फुटेपर्यंत वाट बघायची. पुढे १९३०च्या दशकात बुस्कारेन नावाच्या, जेझुइट संघाच्या एका अमेरिकन फादरांनी मांडलं की ट्यूब हाच आजारी अवयव समजून काढली तर चालेल, आणि ते मत रुळलं. मेथोट्रेक्सेटबद्दल मात्र कॅथलिक नीतितज्ज्ञांत आजही दोन तट आहेत आणि रोमने अधिकृत निकाल दिलेला नाही. जावईबापूंना फोनवर एका तटाचं मत मिळालं आणि ते त्यांनी देवाचं म्हणून आम्हाला ऐकवलं.

बरं, एवढं हात स्वच्छ ठेवून तरी तिला शांती मिळाली का? ती रविवारी मिस्साला यायची, पण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत उठायची नाही. सासूबाईंनी एकदा कोपर मारून उठवायला बघितलं, तर बाहेर निघून गेली. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की आपण पोट पाडलं. शेवटी त्याच फादरांनी तिला सांगितलं, पोरी, यात पापनिवेदन करण्यासारखं काही नाही. हे वाक्य तिच्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं. तत्त्व त्याला पाठ होतं ना!

पुढे डाव्या ट्यूबवर तिला मुलगा झाला. नाताळला सगळे जमले की जावई त्याला मांडीवर घेऊन म्हणतात, बघा, विश्वासाचं फळ. मी कुस्वार (नाताळचा फराळ) वाढत असते, गप्प बसते. इथे बसणार नाही. मुलगा देवाने दिला, मान्य. पण दोन्ही ट्यूब असत्या तर देवाचं काय अडलं असतं?

आता इतिहास, कारण "चर्च दोन हजार वर्षं एकच सांगतंय" हेही सासरे ऐकवतील. गर्भपात चूक, हे पहिल्या शतकांपासून सांगितलंय, तिथे ते खरे आहेत. किती मोठी चूक, यावर मात्र मत बदललंय. आत्मा मुलग्यात ४० दिवसांनी आणि मुलीत ९० दिवसांनी येतो (तिथेही आम्ही मागे!), हे ॲरिस्टॉटलचं गणित तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनीही धरलं, आणि त्याआधी पाडला तर पाप, पण मनुष्यहत्या नव्हे, असं मानत. शिक्षेतला हा फरक पोप नववे पायस यांनी १८६९ साली काढून टाकला.

आम्हा प्रॉटेस्टंटांना पोप नाही, म्हणून भांडायला मोकळं रान. एक जण स्तोत्र १३९ काढतो, आईच्या उदरात तूच मला घडवलंस. दुसरा निर्गम २१ काढतो, मारामारीत धक्का लागून बाईचा गर्भ गेला तर दंड, आणि पुढे इजा झाली तर जिवाबद्दल जीव. त्या ओळींचा अर्थ काय यावरही पुन्हा वाद. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने १९७१ साली बलात्कार, गंभीर व्यंग, आईची तब्येत अशा कारणांसाठी कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता. आज तेच कडक विरोधकांत.

बहिष्काराची भीती घातली जात असेल तर ऐका. गर्भपात केला तर आपोआप चर्चबाहेर, असा नियम आहे. पण अशी शिक्षा आहे हेच ज्या बाईला ठाऊक नव्हतं किंवा जिने मोठ्या भीतीपोटी केलं, तिला तो आपोआप लागत नाही. आणि २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक फादरला या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिलाय. त्यासाठी बिशपांपर्यंत जायची गरज नाही.

कायद्यात सही फक्त बायकोची लागते, ती १८ वर्षांची असली की पुरे. सासऱ्यांची नाही आणि तुमचीही नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठराविक कारणांसाठी २४ पर्यंत दोघांचं, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड.

बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये २०१२ साली गेली ते आठवत असेल. १७ आठवडे, गर्भ टिकणार नाही हे ठरलेलं, पण ठोके आहेत म्हणून थांबवलं, आणि सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरला. त्यानंतर तिथल्या बिशपांनीच निवेदन काढलं की आईपेक्षा पोटातल्या बाळाचा जीव मोठा, असं चर्चने कधीच शिकवलेलं नाही. सासरे फारच बोलायला लागले तर हे त्यांच्यापुढे ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. माझ्या नणंदेला इंजेक्शन लागू पडलंच असतं याची खात्री नव्हती, काही जणींना त्यानंतरही ऑपरेशन लागतं. आणि मी स्वतः गर्भपाताच्या बाजूची नाही. बारा आठवड्यांचं बाळ हातात घेतलेली बाई त्याला मांसाचा गोळा म्हणू शकत नाही. तुमच्या बायकोला नकोच असेल, तर तो तिचा नकार असू दे, तिच्या वडिलांचा नको. फादरांशी बोलायचं असेल तर तिला एकटीला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा, आणि सासऱ्यांना त्या दिवशी ऐरोलीतच ठेवा.