कोविडची लस घेणे भारतात कायद्याने सक्तीचे होते का?

नाही, केंद्र सरकारने कोविडची लस ऐच्छिकच ठेवली होती. मात्र राज्यांच्या अटींमुळे ती अनेकांना सक्तीची वाटली आणि ही भावना निराधार नव्हती, कारण १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत सामान्य प्रवाशांना लोकल खुली झाली ती दुसरा डोस घेऊन १४ दिवस उलटले असतील तरच. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या आधारे, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही असे स्पष्ट केले आणि संसर्ग कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध मागे घेण्याची सूचना केली. तथापि, सार्वजनिक आरोग्यासाठी कायदेशीर, आवश्यक आणि प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार याच निकालाने मान्य केला आहे.