सोन्याचे नॅनोकण आजार कसा ओळखतात?
आजार ओळखते ती कणावर बसवलेली अँटिबॉडी. ती रक्तातलं ठरावीक प्रथिन पकडते (हार्ट अटॅकनंतर वाढणारं ट्रोपोनिन घ्या) आणि कण तिथेच अडकतो. असा 50 नॅनोमीटरचा सोन्याचा कण डार्क-फील्ड मायक्रोस्कोपखाली काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवा ठिपका होऊन चमकतो. चांदीचा निळा दिसतो. अशा तपासणीत एरवी वापरले जाणारे फ्लोरोसंट (प्रकाश पडला की चमकणारे) रंग प्रकाशात विटत जातात, हा ठिपका विटत नाही. मला तरी हाच मोठा फायदा वाटतो. शिवाय कणांवर वेगवेगळे रंगरेणू बसवले की प्रत्येकाचा रामन वर्णपट, म्हणजे त्या रेणूने विखुरलेल्या प्रकाशाचा खास ठसा, वेगळा येतो (तोच 1928 साली कोलकात्यात सापडलेला रामन परिणाम), त्यामुळे एकाच नमुन्यात अनेक प्रथिनं तपासता येतात. अडचण एकच मोठी: कण नको तिथेही चिकटतात. असे सैल चिकटलेले कण नीट धुऊन काढले नाहीत, तर निरोगी माणसाचा नमुनाही चमकतो.