जपानी लहान घरे अभ्यासताना आधी छेद काढा

तुम्ही जपानी घरांचा अभ्यास नुकताच सुरू केला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की छायाचित्रांवर भाळू नका. आधी नकाशा आणि छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यास आत दिसणारे चित्र, स्वतःच्या हाताने कागदावर काढा. तोक्योमध्ये वास्तुविशारद ताकामित्सु आझुमा यांनी १९६६ साली सुमारे २० चौरस मीटरच्या भूखंडावर स्वतःच्या कुटुंबासाठी जे काँक्रीटचे उंच घर बांधले, त्यात एका मजल्यावर जेमतेम एक खोली मावते आणि आतल्या खोल्यांना दारेच नाहीत. एकांत मिळतो तो केवळ मजल्यांमधील अंतरामुळे. जिना कागदावर रेखाटल्याशिवाय हे उमगत नाही.

त्यानंतर वास्तुविशारद रियुए निशिझावा यांचे २००५ मधील मोरियामा घर घ्या. तेथे एकच इमारत न उभारता १० सुटे ठोकळे मांडले असून काहींत मालक, तर काहींत भाडेकरू राहतात. मधल्या चिंचोळ्या बोळांत झाडे आहेत. सामुदायिक जागेचा धडा मला येथेच सर्वांत स्पष्ट वाटतो, कारण मालकाची अंघोळीची खोलीही वेगळ्या ठोकळ्यात असल्याने घरातला रोजचा वावर अंगणातूनच होतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून त्या कशा सरकवल्या आहेत, हे नकाशावर पेन्सिलीने नजरेच्या रेषा ओढून तपासा.