नमस्काराला आडनाव नसतं

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला चार महिने होतो. तिथल्या ग्रंथालयात शोलेम अलेखेम यांच्या कथा शोधायला गेलो. लेखक आडनावाने शोधायचा, म्हणून ‘अलेखेम’ टाकलं, काहीच नाही. ‘शोलेम’ टाकल्यावर ढीगभर पुस्तकं! हनुक्का या ज्यू सणाची पुस्तकं तर तीन स्पेलिंगांत विखुरलेली. इतक्या शिस्तीच्या देशात असं का?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, ‘अलेखेम’ हे आडनावच नाही. या लेखकाचं खरं नाव शोलेम राबिनोविच (1859–1916). ‘शोलेम अलेखेम’ हा यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला नमस्कार आहे, ‘तुम्हाला शांती लाभो’. तोच त्यांनी टोपणनाव म्हणून घेतला. आपल्याकडे कुणी ‘राम राम’ या नावाने लिहू लागलं, तर त्यातलं आडनाव कोणतं धराल? म्हणून हे नाव फोडायचं नाही, सबंध ‘शोलेम’खालीच ठेवायचं. आणि या नमस्काराचं उत्तर देताना शब्द उलटे करतात : ‘अलेखेम शोलेम’. आडनाव आधी लिहायच्या सवयीने कुणी नोंद केली, की कार्डावर नेमकं हेच उमटतं. लेखकाने नमस्कार केला आणि ग्रंथालयाने प्रतिनमस्कार केला! न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी 19 वर्षं हिब्रू-यिद्दिश पुस्तकांचं कॅटलॉगिंग केलं. अशी जुनी कार्डं हाती आली, की दुरुस्त करताना जिवावर यायचं.

मेंडेले मोइखेर स्फोरीम या यिद्दिश लेखकाच्या टोपणनावाचंही असंच. त्या नावाचा अर्थ ‘पुस्तकविक्या मेंडेले’, तेव्हा त्यांना ‘मेंडेले’खाली शोधा.

आता हनुक्का. हिब्रू आणि यिद्दिश या दोन वेगळ्या भाषा, पण लिपी एक. हिब्रू छपाईत स्वर बहुतेक लिहीत नाहीत; वाचणाऱ्याने ते आपल्याजवळचे भरायचे. यिद्दिश लेखनात स्वर येतात, पण हिब्रूतून आलेले शब्द मूळच्याच अक्षरांत राहतात आणि उच्चार मात्र बदलतो. आलेफ, मेम, ताव ही तीन अक्षरं घ्या. हिब्रू पुस्तकावर ती ‘एमेत’ वाचायची, यिद्दिश पुस्तकावर ‘एमेस’. अर्थ एकच, सत्य. रोमन लिपीत नोंद करताना दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात. सोव्हिएत रशियातल्या यिद्दिश मुद्रकांनी तर हिब्रू वळणाचं लेखनच टाकून दिलं आणि उच्चाराप्रमाणे अक्षरं लावली. मॉस्कोच्या ‘डेर एमेस’ या वर्तमानपत्राच्या नावात त्या तीन अक्षरांऐवजी उच्चाराप्रमाणे चार दिसतात. हनुक्काही म्हणूनच हिब्रू नोंदीत ‘एच’खाली, यिद्दिश नोंदीत ‘खनिके’ होऊन ‘के’खाली आणि इंग्रजी पुस्तकांत कधी ‘सीएच’खाली सापडतो.

आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंची घरची भाषा यिद्दिश होती. शीर्षकपृष्ठ घेऊन गेलं, की त्या म्हणायच्या, ‘आधी मोठ्याने वाच, मग टाइप कर.’ या कामात डोळ्याइतकाच कान लागतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला इस्रायलला गेलेल्या एका बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी ज्यू) कुटुंबाने जुना हगादा दिला. हिब्रूसोबत मराठीही आहे. पुस्तक उलटं बांधलंय असं वाटून आमच्या मुलाने शिक्का शेवटच्या पानावर मारला. नोंद कशी करावी?
– वाचनालयाच्या कार्यकर्त्या, अलिबाग

उत्तर : ताई, फार मोलाची वस्तू तुमच्याकडे आली आहे. मराठी भाषांतरासह हगादा 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापला गेला. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरातली सगळी मंडळी बसून वाचतात तो हा ग्रंथ. शिक्क्याचं मनाला लावून घेऊ नका. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं. परदेशातही अशा पुस्तकांवर उलटे शिक्के मी पुष्कळ पाहिले. तो खोडू नका, पानाला इजा होईल.

नाव ‘हगादा’ असंच, ‘ह’खाली लिहा. हे मुद्दाम सांगते, कारण हिब्रूत ‘हा’ हे उपपद शब्दाला चिकटून येतं आणि अकारविल्हे लावताना ते सोडून देतात. इथला ‘ह’ मात्र शब्दाचाच आहे. तो उपपद समजून सोडला, तर त्याच अक्षरांचा अर्थ ‘तो किनारा’ होतो. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशाला हिब्रूत हाच शब्द आहे. वल्हांडणाची प्रार्थना राजकारणाच्या कपाटात जायला एवढं पुरतं.

छपाईचं वर्ष बहुधा हिब्रू पंचांगाचं आणि अक्षरांत असेल. प्रत्येक अक्षराला किंमत असते. बेरीज करायची, हजार वगळलेले असतात. जुने मुद्रक बायबलच्या एखाद्या वचनातली काही अक्षरं मोठी छापून त्यांत वर्ष दडवायचे. शिवाय अक्षरांचा क्रम दर वेळी सरळ असेलच असं नाही. 5744 या हिब्रू वर्षाचे हजार वगळून 744 ओळीने लिहिलं, की नाशाचा शब्द ऐकू येतो, म्हणून 1983-84 च्या पुष्कळ पुस्तकांवर शेवटची दोन अक्षरं अदलाबदल केलेली आहेत. बांगडी ‘वाढवली’ म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे महिना नसेल तर दोन इसवी सनं लिहा, मध्ये ‘किंवा’ घालून.

उजवीकडच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मोठी अक्षरं दिसली, तर बेरीज करून कळवते.