संगीतकार, संगीताचा इतिहास आणि नृत्यपरंपरा यांविषयी वाचायला सुरुवात कोठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की शास्त्रीय संगीत ऐकण्याची गोडी अलीकडे लागली आहे आणि आता कलावंतांची चरित्रे, संगीताचा इतिहास व जमल्यास नृत्यपरंपरा यांविषयी वाचायचे आहे, तर कोणत्या क्रमाने वाचावे. हे तीन विषय तुम्ही वेगवेगळे मोजले आहेत आणि पुस्तकांच्या दुकानांतही ते वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. माझा सल्ला असा की ते एकत्र वाचावेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गाणारी, नाचणारी, साथ करणारी आणि या सर्वांना पोसणारी माणसे पुष्कळदा एकाच बैठकीत बसलेली असत, आणि ती बैठक कोण भरवत होते, बिदागी कोण देत होते, हे ठाऊक नसेल तर गायकीचा इतिहास अर्धामुर्धाच हाती लागतो.

आरंभ बा. र. देवधर यांच्या ‘थोर संगीतकार’ या पुस्तकाने करावा. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. १९२५ साली त्यांनी मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले, आणि गावोगावचे गवई त्यांच्याकडे येत, राहत, गात असत. स्वतः गाणारा, पण आपल्याच घराण्याचा (गुरुपरंपरेतून आलेल्या गायनशैलीचा) झेंडा न मिरवणारा असा हा लेखक असल्यामुळे त्यांच्या व्यक्तिचित्रांत भक्तिभाव असला तरी कान जागा असतो. सिंदेखाँसारख्या फकिरी वृत्तीच्या, व्यवहारात कुठेच न बसणाऱ्या कलावंताकडूनही ते चिकाटीने शिकले. प्रसिद्धी न मिळालेल्या माणसाकडे किती विद्या असू शकते, हे अशा प्रकरणांतून जितके कळते तितके नामांकितांच्या चरित्रांतून कळत नाही.

त्या काळाविषयीच्या बहुतेक मराठी पुस्तकांत रहिमतखाँची हकिकत येते. ती वाचताना जरा थांबावे. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचा हा मुलगा, विलक्षण गळ्याचा, पण मनाचा तोल गेलेला आणि व्यसनाधीन. त्याला सांभाळले ते सर्कशीचे मालक विष्णुपंत छत्रे यांनी, कारण विष्णुपंत स्वतः हद्दूखाँकडे गाणे शिकले होते. हा किस्सा आपल्याकडे गुरुपुत्रावरील निष्ठेची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ती निष्ठा खरीच आहे. पण त्याच किश्श्यातून हेही दिसते की ग्वाल्हेर गायकीचा एक थोर वारसदार सर्कशीच्या उत्पन्नावर जगला, तिच्याबरोबर हिंडला आणि त्यामुळे अनेक गावांतल्या श्रोत्यांच्या कानावर पडला. राजाश्रय आटत चालला होता आणि तिकिटाचा पैसा अजून मैफलीत शिरला नव्हता. त्या मधल्या काळात गाणे कसे तगले याचा हा एक चांगला पुरावा आहे.

यानंतर गोविंदराव टेंबे. त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ आणि त्यांनी लिहिलेले जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांचे चरित्र ही दोन्ही पुस्तके मिळवावीत. टेंबे कोल्हापूरचे, पेटीवर असामान्य हात असलेले आणि गायक भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात वाढलेले. साथीदार गायकाच्या इतका जवळ बसतो की त्याचा दम कुठे संपतो, तो कोणत्या जागेला बिचकतो, हे त्याला श्रोत्यांच्या आधी कळते, आणि टेंब्यांच्या लेखनात हे जवळून पाहणे सतत जाणवते. अल्लादियाखाँविषयी मात्र एवढ्यावर थांबू नये. खाँसाहेबांनी आपले आयुष्य नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितले होते आणि त्या कथनाचा इंग्रजी अनुवाद अमलान दासगुप्ता व ऊर्मिला भिरडीकर यांनी केला आहे. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावे लागल्यामुळे आवाज बसला आणि त्या बदललेल्या आवाजासाठी त्यांनी नवी गायकी घडवली, ही प्रसिद्ध कथा शिष्यपरंपरेत दैवी चमत्कारासारखी सांगितली जाते; खाँसाहेबांच्या आयुष्याच्या ओघात पाहिली म्हणजे ती धन्याच्या मर्जीपुढे नोकर गवयाच्या गळ्याचे काय होत असे याची कथा होते. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईकडे वळले. दरबाराची जागा शेठजींनी घेतली. गायिका केसरबाई केरकरांचे त्यांच्याकडचे शिक्षण नेमके याच सुमाराचे आहे, हा योगायोग नव्हे.

टेंब्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तुमच्या तिसऱ्या विषयाचा दरवाजा तिथूनच उघडतो. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत मानापमान’च्या चाली टेंब्यांच्या. त्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांच्या, म्हणजे उत्तरेकडील तवायफांच्या (गाण्या-नाचण्याचा पेशा असलेल्या बायकांच्या) कोठ्यांवर अदाकारीसह गायिल्या जाणाऱ्या चालींचा वापर मोकळेपणाने केला. त्या चाली नायिका भामिनीच्या वेशातल्या बालगंधर्वांच्या तोंडून, नऊवारी आणि शालू यांच्या थाटात, पुण्या-मुंबईच्या घरंदाज प्रेक्षकांनी डोक्यावर घेतल्या. ज्या बाईच्या तोंडून ते गाणे ऐकायला जाणे कमीपणाचे, तेच गाणे पुरुषाने स्त्रीवेशात गायिले तर अभिरुचीचे, असा हा व्यवहार होता. मराठी नाट्यसंगीताच्या गौरवग्रंथांत चालींचे हे मूळ सांगितलेले असते, पण बहुधा एका ओळीत.

आता वामनराव देशपांडे. त्यांचे ‘घरंदाज गायकी’ हे घराण्यांविषयीचे मराठीतले सर्वांत सुसूत्र पुस्तक आहे असे मी मानतो. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या या लेखकाने स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची मांडणी केली. एका बाजूला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या बाजूला लयप्रधान आग्रा, आणि तोल साधणारे जयपूर. ताळेबंद जुळावा तशी ही मांडणी जुळते, आणि माझी थोडी कुरकुर तिथेच आहे. वामनरावांनी किराण्याच्या सुरेशबाबू मान्यांकडे आणि पुढे जयपूरच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे तालीम घेतली होती, त्यामुळे तराजूचा काटा जयपूरजवळ स्थिर होतो याचे नवल वाटत नाही. तरीही हे पुस्तक चुकवू नये. ते वाचून झाले की आग्र्याचे फैयाजखाँ, किराण्याचे अब्दुल करीमखाँ आणि जयपूरच्या केसरबाई यांची ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत आणि वामनरावांशी मनातल्या मनात भांडावे. माझ्या मते पुस्तक लिहिले गेले आहे तेही अशाच वाचकासाठी.

संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चार भागांत आहे. ते मुळात मराठीत लिहिलेले आहे, ही गोष्ट आता मराठी माणसेही विसरली आहेत, कारण बाजारात सर्रास हिंदी भाषांतरच मिळते. सलग वाचायचे हे पुस्तक नाही. पण त्याची रचना गुरुशिष्यांच्या संवादाची आहे. शिष्य शंका काढतात, गुरुजी उत्तरे देतात, मध्येच कोणा गवयाशी झालेल्या भेटीचा वृत्तांत येतो, आणि वकिली केलेल्या माणसाची उलटतपासणीची सवय पानोपानी दिसते. कोणताही एक आवडता राग घेऊन त्यापुरती चर्चा वाचली तरी मजा येते. त्याला जोड म्हणून जानकी बखले यांचे ‘टू मेन अँड म्युझिक’ हे २००५ सालचे इंग्रजी पुस्तक घ्यावे. भातखंडे आणि पलुसकर यांनी संगीताला राष्ट्रीय व प्रतिष्ठित रूप देताना मुसलमान उस्तादांची आणि त्यांच्या परंपरेची जागा कशी आकसली, हा त्यांचा मुद्दा आहे. आपल्याकडील काही रसिकांना तो रुचत नाही. मला स्वतःला त्यात पलुसकरांच्या भक्तिभावाला थोडे कमी माप मिळाल्यासारखे वाटते, परंतु प्रश्न योग्य आहे आणि तो विचारणारे पुस्तक मराठीत आधी लिहिले जायला हवे होते.

गौहर जान या गायिकेविषयी विक्रम संपत यांनी लिहिलेल्या चरित्राचा मराठी अनुवाद सुजाता देशमुख यांनी केला आहे आणि तो वाचनीय आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने तिचे गाणे मुद्रित केले. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत राग, बंदिश, तान असे सारे बसवून शेवटी ती ‘माय नेम इज गौहर जान’ असे इंग्रजीत ठणकावते, कारण तबकड्या परदेशात तयार होत आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळायला हवे असे. हे सर्वांना माहीत असते. कमी लोकांच्या ध्यानात येते ते असे की गौहर जान लखनौचे कथकगुरू बिंदादीन महाराज यांच्याकडे नृत्यही शिकलेली होती. ठुमरीतला एक एक शब्द बसल्या जागी नजरेने, भुवयांनी आणि हाताने उलगडून दाखवण्याची ती विद्या तबकडीत उतरणे शक्यच नव्हते. तबकडी घरोघर गेली तसे गाणे पुढे राहिले आणि नृत्य मागे पडले. दोहोंची ताटातूट होण्याला प्रतिष्ठेइतकेच हे यंत्रही कारण झाले, असे माझे मत आहे.

गोव्याचा विषय येथे टाळता येत नाही, कारण केसरबाई, मोगूबाई आणि अशा कितीतरी गायिका तेथील देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजातून आल्या. गोपाळकृष्ण भोबे यांचे ‘कलात्म गोमंतक’ कलावंतांची ओळख प्रेमाने करून देते. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे पुस्तक राजाराम पैंगीणकर यांचे ‘मी कोण?’ हे १९६९ सालचे आत्मचरित्र आहे. त्यात गाण्याची समीक्षा नाही. ज्या समाजाने गाणे सांभाळले त्याला माणूस म्हणून जगण्यासाठी काय करावे लागले याची रोखठोक हकिकत आहे. ते वाचल्यावर केसरबाईंचा प्रसिद्ध करडेपणा निव्वळ स्वभावदोष वाटत नाही.

आणि मग लावणी. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ आधी वाचावे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्यासारख्या ठिकाणी ज्या थिएटरांत एकामागून एक पार्ट्या आपापली बारी (नाचगाण्याची पाळी) लावतात, तेथील बायकांशी वर्षानुवर्षे ओळख ठेवून ते लिहिलेले आहे. कोण पेटीवर बसते, दौलतजादा (प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेला पैसा) कसा येतो, खासगी बैठकीत गाणे का पालटते, घरचा खर्च कोणाच्या पायांवर चालतो, हे तपशील त्यात अंगणातल्या गप्पांसारखे येतात आणि दया दाखवण्याचा आव कुठेही नाही. बैठकीच्या लावणीची बाई जवळजवळ न हलता, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन, दर वेळी निराळा भाव दाखवते. बिंदादीनांच्या ठुमरीशी तिचे नाते मग वेगळे सांगावे लागत नाही. अशोक रानडे यांनी बैठकीच्या लावणीचा कार्यक्रम शहरातल्या रंगमंचावर आणला तोही हे नाते ओळखून. लावणीच्या वाङ्मयासाठी म. वा. धोंड यांचे ‘मऱ्हाटी लावणी’ आहे, तमाशाच्या फडांच्या छायाचित्रांसाठी संदेश भंडारे यांचे पुस्तक आहे, आणि जातीचा प्रश्न सरळ समोर ठेवणारे शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे २०२२ सालचे इंग्रजी पुस्तक आहे. शेवटचे पुस्तक सोपे नाही, आणि लावणीवर शिट्टी मारणाऱ्या आपल्या सर्वांना ते बोचते.

कथकसाठी रोहिणी भाटे यांचे ‘लहजा’ घ्यावे. बिंदादीनांचे पुतणे लच्छू महाराज हे त्यांचे एक गुरू, आणि गाणे त्या केशवराव भोळे व वसंतराव देशपांडे यांच्याकडे शिकल्या. हे भोळे म्हणजेच ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर निर्भीडपणे लिहिणारे आणि प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाला संगीत देणारे. एकाच लेखिकेत नर्तन, बंदिश आणि समीक्षा यांचे धागे असे एकत्र आल्यामुळे तिची भाषा नेमकी आहे. ताल आणि अभिनय यांविषयी ती अलंकारिक बोलत नाही.

भरतनाट्यम हा तमिळ भूमीचा विषय आणि तो तेथेच ठेवून वाचावा. परंतु तंजावरला मराठ्यांची सत्ता होती आणि दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या दरबारी नृत्यासाठी मराठी निरूपणे, म्हणजे एका कथाविषयावरच्या गीतमाला, रचली गेली. आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत ती अभ्यासून नाचासाठी बसवली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी रचनांचा शोध पुढे नेला. त्या दरबारापासून देवदासींच्या आजच्या आठवणींपर्यंतची वाट दावेश सोनेजी यांच्या ‘अनफिनिश्ड जेश्चर्स’मध्ये आहे. मराठी वाचकाने अभिमानाने सुरुवात करावी, पण पुस्तक पुढे ज्या बायकांकडे नेते तेथपर्यंत जावे.

शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तूर्त बाजूला ठेवा. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या त्या ग्रंथाचा सातवा अध्याय नर्तनाचा आहे एवढे ठाऊक असले की पुरे. टेंबे, भोबे आणि भातखंड्यांच्या मराठी प्रती दुकानात सहसा मिळत नाहीत. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यातील जुनी ग्रंथालये आणि रद्दीची दुकाने पालथी घालावीत. संगीताची पुस्तके पुष्कळदा नाटकांच्या कपाटात सापडतात. या महिन्यात दोनच पुस्तके वाचायची असतील तर देवधर आणि कोरगावकर यांची घ्या, एक प्रकरण याचे आणि एक त्याचे, अशी आलटून पालटून.