ऑलस्पाइस म्हणजे ‘सगळे मसाले’ नव्हे

प्रश्न : ताई, फ्रूटकेकच्या कृतीत एक चमचा ऑलस्पाइस लिहिलं होतं. मला वाटलं, घरातले सगळे मसाले एकत्र करायचे असतील. जिरं-धणे-मिरीसकट पूड करून घातली आणि अख्खा केक वाया गेला. माझं काय चुकलं?

उत्तर : तुमचं कसलं चुकतंय, नावच फसवं आहे! ऑलस्पाइस हे मिश्रण नाही, एकाच झाडाचं वाळवलेलं फळ आहे. दिसतं थेट मिऱ्यासारखं, फक्त जरा मोठं, तपकिरी आणि खरखरीत. कॅरिबियन बेटांवर गेलेले स्पॅनिश दर्यावर्दीही त्याला फसले आणि मिऱ्याचंच नाव देऊन बसले. जमैकात आजही त्याला पिमेंटो म्हणतात. पुढे इंग्रजांना त्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा वास आला, म्हणून ते ऑलस्पाइस झालं.

लवंगेचा भास मात्र खोटा नाही. लवंगेला वास देणारं युजेनॉल यातही भरपूर असतं. फळं पूर्ण वाढली, पण अजून हिरवी आहेत, तेव्हाच खुडतात. पिकून जांभळी झाली की वास उतरतो. मग आतल्या बिया खुळखुळेपर्यंत उन्हात वाळवायची. मी पहिल्यांदा हे दाणे आणले, तेव्हा एक नखाने फोडून पाहिला. आत दोन चिमुकल्या बिया. नुसत्या बिया हुंगल्या तर विशेष काही नाही, सगळा जीव त्या पातळ सालीत. म्हणून तयार पूड घेऊ नका. अख्खे दाणे घ्या, वर्षभर टिकतात, आणि हवे तेव्हा चार-पाच कुटा. खलबत्त्यातून जो दरवळ उठतो तो पुडीच्या डबीत कधीच सापडायचा नाही.

मिळालंच नाही तर एक चमच्याऐवजी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग आणि पाव चमचा जायफळ, सगळ्यांची पूड. पहिल्या वेळी लवंग थोडी कमीच घाला, ती बाकीच्यांना बोलूच देत नाही.

प्रश्न : स्मोक्ड पॅप्रिका घातली की माझा पदार्थ हमखास कडवट होतो. पूड जुनी असेल का?

उत्तर : पूड नव्हे, तुमचं तेल तापलेलं असतं. पॅप्रिका ही पिकलेल्या लाल मिरचीची पूड, तिच्यात साखर असते. कडकडीत तेलात ती काही सेकंदांत जळते. हंगेरीत पॅप्रिका घालण्याआधी भांडं चक्क आचेवरून खाली उतरवतात. तुम्हीही तसंच करा: कांदा परतून झाला की भांडं उतरवा, पॅप्रिका घाला, दोनदा ढवळा, लगेच पाणी ओता आणि मग पुन्हा आचेवर ठेवा.

धुराचा वास मात्र हंगेरीचा नाही, तो स्पेनच्या ला व्हेरा भागातला. तिथे मिरची तयार होते ती शरद ऋतूत, नेमकी पावसात, उन्हात वाळवायची सोय नाही. म्हणून शेतकरी ती ओकच्या लाकडाच्या मंद धगीवर दहा-पंधरा दिवस वाळवतात आणि रोज हाताने उलथतात. अडचणीतून आलेली ही चव मला फार प्रिय आहे. डबीवर ‘दुल्से’ असेल तर गोडसर, ‘पिकांते’ असेल तर तिखट, ‘आग्रिदुल्से’ त्या दोन्हींच्या मधली. तुम्ही दुल्सेपासून सुरुवात करा.